नियम बदलला की खेळ बदलतो का? कबड्डीचा दम, बेसबॉलचं घड्याळ आणि चाहत्यांचं मन

७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ शहरात एशियाडच्या पुरुष कबड्डीची अंतिम लढत सुरू होती. भारत विरुद्ध इराण. गुणफलक २८-२८. सामना संपायला जेमतेम एक मिनिट उरलं होतं आणि भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला.

पुढच्या काही सेकंदांत जे घडलं त्यावरून जवळपास तासभर वाद झाला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. निर्णय दिला गेला, फिरवला गेला, पुन्हा फिरवला गेला. शेवटी त्या चढाईचे भारताला चार आणि इराणला एक गुण मिळाला. भारताने सामना ३३-२९ असा जिंकून सुवर्णपदक घेतलं.

या वादाचं मूळ पंचांच्या नजरेत नव्हतं. कोण कुठे गेलं, कोणाचा पाय कुठे पडला हे रिप्लेमध्ये सगळ्यांना दिसत होतं. प्रश्न वेगळाच होता: लागू होणारा नियम जुना की नवा?

खेळांचे नियम का बदलतात, काही बदल चाहते डोक्यावर का घेतात आणि काहींवर वर्षानुवर्षं नाराज का राहतात, हे समजून घ्यायला त्या एका चढाईइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही.

हांगझोऊत नेमकं काय झालं?

कबड्डीच्या मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची पट्टी असते. तिला लॉबी म्हणतात. चढाई करणारा आणि बचाव करणारा यांचा एकमेकांना स्पर्श होईपर्यंत ही पट्टी मैदानात धरत नाहीत. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली की लॉबी खुली होते.

पवनची ती 'डू ऑर डाय' चढाई होती. म्हणजे गुण आणला नाही तर तो बाद. चढाईत कोणालाही स्पर्श न होता तो लॉबीत गेला. त्याला धरण्याच्या नादात इराणचे बचावपटूही मागोमाग लॉबीत शिरले.

जुन्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पर्शाशिवाय लॉबीत जाणारे सगळेच बाद. चढाईपटूही आणि त्याच्या मागे गेलेले बचावपटूही. भारताने मागितलेले चार गुण याच हिशेबाने होते. नव्या नियमानुसार चढाईपटू लॉबीत गेला त्याच क्षणी तो बाद आणि चढाई तिथेच संपते. मागून कोण आलं याला अर्थ उरत नाही. प्रो कबड्डी पाहणाऱ्यांना आणि खेळणाऱ्यांना हाच नवा नियम सवयीचा होता.

गंमत म्हणजे मॅटवरच्या दोन्ही संघांत प्रो कबड्डीत एकत्र खेळलेले खेळाडू होते. इराणचा कर्णधार फझल अत्राचली भारतात पहिल्यांदा खेळला तो २०१५ साली यू मुंबाकडून, आणि त्या मोसमात मुंबईने विजेतेपद मिळवलं. पवन तर लीगचा सर्वात महागड्या खेळाडूंपैकी एक. सगळ्यांना दोन्ही नियम तोंडपाठ होते. आज कोणता चालणार यावर मात्र एकमत नव्हतं.

वर्सोव्याच्या वाळूत नियम कोण ठरवतं?

हांगझोऊचा वाद क्षणभर बाजूला ठेवा आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावर या. ओहोटी लागली की ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि तिथे क्रिकेट, फुटबॉल सुरू होतं. त्याच अंधेरी-वर्सोवा पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या आवारात आणि जाळी लावलेल्या टर्फवर बॉक्स क्रिकेट चालतं.

यातल्या एकाही ठिकाणी क्रिकेट पुस्तकातल्या नियमांनी खेळलं जात नाही. कुठे 'एक टप्पा एक हात' झेल चालतो. कुठे चेंडू थेट भिंतीवर गेला तर आउट. कुठे पहिला चेंडू 'ट्राय बॉल'. एलबीडब्ल्यू तर जवळपास कुठेच नसतो, कारण ते सांगायला तटस्थ पंच लागतो. गल्ली क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाने आयुष्यात डझनभर नियम बनवले आणि मोडले आहेत.

मग या खेळात भांडणं कधी होतात? नियम विचित्र असल्यामुळे सहसा होत नाहीत. नियम आधी बोलून ठरला नसेल तर होतात. 'एक टप्पा आउट' हे पहिल्या चेंडूआधी ठरलं असेल तर सगळ्यांना मान्य. दहा धावा हव्या असताना कोणी अचानक 'आपल्यात एक टप्पा आउट आहे' म्हणालं, तर बॅट फेकली जाते.

म्हणजे नियम बदलणं ही खेळाच्या परंपरेवर बाहेरून आलेली आपत्ती नाही. जागा, वेळ आणि माणसं पाहून नियम वळवणं हीच मुळात खेळाची परंपरा आहे. कबड्डीचा इतिहास तर याची साक्षच आहे.

कबड्डीचे 'मूळ' नियम कोणते?

'आमच्या वेळची कबड्डी राहिली नाही' असं म्हणणाऱ्याला विचारायला हवं, कोणती कबड्डी?

महाराष्ट्रात हा खेळ हुतुतू म्हणून खेळला जायचा. दक्षिणेत चेडुगुडू, बंगालच्या बाजूला हाडुडू. देशभरात त्याचे प्रामुख्याने तीन प्रकार ओळखले जात. 'संजीवनी' प्रकारात बाद झालेला खेळाडू प्रतिस्पर्धी बाद झाला की पुन्हा जिवंत होतो. 'गेमिनी'त बाद झालेला खेळाडू संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. 'अमर'मध्ये कोणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजले जातात. आज आपण टीव्हीवर पाहतो ती कबड्डी संजीवनीच्या वाटेने आलेली आहे.

हे सगळं एका नियमावलीत बसवण्याचं काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालं आणि त्यात मराठी माणसांचा आणि संस्थांचा वाटा मोठा आहे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२० च्या दशकात लिखित नियमांनी स्पर्धा घेतल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढच्या काळात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी खेळ देशभर आणि देशाबाहेर नेण्यासाठी आयुष्य वेचलं. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून होती, १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये ती पदकाचा खेळ झाली.

प्रत्येक टप्प्यावर काहीतरी सोडावं लागलं. हुतुतू हे नाव मागे पडलं. तीन प्रकारांतला एक निवडला गेला. नंतर माती जाऊन मॅट आली. परंपरा म्हणून आज जे डोळ्यांसमोर येतं, तेही कधीकाळी कोणीतरी बदललेलंच होतं.

२०१४ मध्ये काय बदललं?

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मुंबईने तो सामना ४५-३१ असा जिंकला. आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने ही लीग उभी केली होती. पहिला मोसम ४३.५ कोटी प्रेक्षकांनी पाहिल्याचा आकडा तेव्हा जाहीर झाला. गावोगावी आणि मुंबईच्या मंडळांत खेळला जाणारा हा खेळ टीव्हीवर इतका चालेल असं तोवर फार कमी लोकांना वाटत होतं.

हे केवळ झगमगत्या दिव्यांमुळे झालं नाही. काही नियमांनी खेळ टीव्हीवर पाहण्यासारखा केला.

३० सेकंदांची चढाई. कबड्डीत चढाईची खरी मर्यादा दम ही होती. 'कबड्डी कबड्डी' म्हणत एका श्वासात जायचं, एका श्वासात यायचं. दम सुटला की बाद. दम घेण्याचा नियम आजही आहे, पण प्रेक्षकाच्या दृष्टीने मर्यादा आता पडद्यावरच्या घड्याळात दिसते. कोणाचा दम कधी सुटला हे मैदानालगत बसलेल्यालाच कळायचं. घड्याळातले शेवटचे पाच सेकंद घरबसल्या सगळ्यांना कळतात.

डू ऑर डाय. आघाडीवरचा संघ वेळ काढण्यासाठी रिकाम्या चढाया करायचा. मध्यरेषा ओलांडायची, निदान रेषेला पाय लावायचा, परत यायचं. आता सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद.

सुपर टॅकल. मराठी वर्तमानपत्रं याला 'अव्वल पकड' म्हणतात. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना त्यांनी चढाईपटूला पकडलं तर एक गुण जास्त मिळतो. पूर्वी तीनच खेळाडू उरले की लोण बसणार हे गृहीत धरलं जायचं. आता तेच तिघे सामना फिरवू शकतात.

या तिन्ही बदलांत एक गोष्ट समान आहे. कबड्डीचा गाभा एका प्रश्नात सांगता येतो: एकटा माणूस सात जणांच्या घरात शिरून सुखरूप परत येईल का? या नियमांनी तो प्रश्न बदलला नाही. उलट त्याचं उत्तर टाळण्याच्या वाटा बंद केल्या. रिकामी चढाई ही उत्तर टाळण्याचीच युक्ती होती.

म्हणूनच मातीवर खेळून मोठे झालेले जुने खेळाडूही घड्याळावर कुरकुरले असतील, पण तिसऱ्या चढाईला तेही खुर्चीच्या टोकावर येऊन बसतात.

अमेरिकेत नेमका हाच प्रश्न कसा उभा राहिला?

बेसबॉल हा अमेरिकेतला जुना, परंपरेचा अभिमान बाळगणारा खेळ. त्याच्या चाहत्यांचं एक आवडतं सांगणं असं की या खेळाला घड्याळ नाही. फुटबॉलचे ९० मिनिटं, कबड्डीचे ४० मिनिटं, तसं इथे काही नाही. नऊ डाव आणि प्रत्येक डावात तीन बळी. जोवर शेवटचा बळी जात नाही तोवर हरलेला संघही जिंकू शकतो. क्रिकेट कसोटीवर प्रेम करणाऱ्याला ही भावना वेगळी समजावून सांगायला नको.

पण काळाच्या ओघात या 'घड्याळ नाही'चा फायदा घेतला जाऊ लागला. चेंडू टाकणारा पिचर दोन चेंडूंमध्ये रेंगाळायचा. फलंदाज रेषेबाहेर जाऊन हातमोजे घट्ट करत बसायचा. २०२२ मध्ये मेजर लीगचा नऊ डावांचा सामना सरासरी ३ तास ४ मिनिटं चालत होता आणि त्यातला बराच वेळ काहीच घडत नव्हतं.

२०२३ च्या मोसमात मेजर लीगने तीन मोठे बदल एकदम केले. पहिला, पिचरसाठी घड्याळ: धावपटू तळांवर नसेल तर १५ सेकंद, असेल तर २० सेकंद. पुढच्या वर्षी २० चे १८ झाले. दुसरा, क्षेत्ररक्षकांनी एकाच बाजूला गर्दी करण्यावर बंधन. तिसरा, तळांचा आकार १५ इंचांवरून १८ इंच, म्हणजे धावणाऱ्याला तळ गाठणं किंचित सोपं.

परिणाम आकड्यांत दिसला. सरासरी सामना २ तास ४० मिनिटांवर आला. चोरलेल्या तळांची संख्या २०२२ मध्ये २,४८६ होती, ती २०२३ मध्ये ३,५०३ झाली. 'तळ चोरणं' म्हणजे पिचर बेसावध असताना धावपटूने पुढचा तळ गाठणं. क्रिकेटमधल्या चोरट्या धावेसारखाच हा थरार. मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकांची संख्या सुमारे ६.४५ कोटींवरून ७ कोटींच्या पुढे गेली.

खेळाची शंभर वर्षांची ओळख मोडून घड्याळ बसवलं, तरी चाहते मैदानाकडे परत का आले? कारण काढून टाकलेला वेळ खेळाचा नव्हता, खेळ थांबलेला असतानाचा होता. पिचर विरुद्ध फलंदाज हा मूळ सामना तसाच राहिला. 'शेवटचा बळी जाईपर्यंत काहीही होऊ शकतं' हेही राहिलं.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. हे घड्याळ थेट मोठ्या स्पर्धेत आणलं नव्हतं. आधी ते खालच्या दर्जाच्या लीगमध्ये हजारो सामन्यांत वापरलं गेलं. मेजर लीगच्या खेळाडूंना, पंचांना, प्रेक्षकांना पहिल्या सामन्याआधी नियम माहीत होता. पंचांच्या स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देण्याची सोयही याच वाटेने आली. आधी खालच्या लीगमध्ये चाचणी, मग २०२६ च्या मोसमापासून मेजर लीगमध्ये.

एकाच खेळात ४९ वर्षं दोन नियम कसे चालले?

बेसबॉलमध्ये एक गोष्ट अशीही घडली जी हांगझोऊच्या वादाला थेट उत्तर देते.

मेजर लीगमध्ये दोन लीग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. १९७३ मध्ये अमेरिकन लीगने ठरवलं की पिचरच्या जागी फलंदाजीसाठी वेगळा खेळाडू उतरवता येईल. नॅशनल लीगने नकार दिला. पिचरनेही बॅट हातात घ्यायलाच हवी, ही त्यांची भूमिका. दोन्ही लीगनी हा नियम कायमचा एक केला तो थेट २०२२ मध्ये.

मग दोन्ही लीगचे विजेते अंतिम मालिकेत भेटायचे तेव्हा काय व्हायचं? १९८६ पासून सोपा तोडगा होता. सामना ज्याच्या घरच्या मैदानावर, नियम त्याच्या लीगचा. चाहते या नियमावर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. पण आज कोणता नियम आहे हे विचारत सामना तासभर थांबला नाही, कारण मैदान ठरलं की नियमही ठरलेला असायचा.

वर्सोव्याच्या वाळूतली पोरं जे करतात तेच हे. दोन नियम असणं खेळाला मारत नाही. आज कोणता, हे आधी न ठरणं मारतं.

न पटलेला नियम: इम्पॅक्ट प्लेयर

सगळे बदल पचतात असं मात्र नाही. आयपीएलने २०२३ मध्ये इम्पॅक्ट प्लेयर आणला. संघाला सामन्याच्या मधे एक खेळाडू बदलता येतो. बहुतेक वेळा एका डावात जादा फलंदाज, दुसऱ्या डावात जादा गोलंदाज.

धावा वाढल्या, रोमांच वाढला, असं एका बाजूचं म्हणणं. पण मुंबई इंडियन्सच्या रोहित शर्माने एप्रिल २०२४ मध्ये एका मुलाखतीत उघडपणे सांगितलं की हा नियम त्याला आवडत नाही. त्याचा मुद्दा नेमका होता. क्रिकेट ११ जणांचा खेळ आहे, १२ जणांचा नाही, आणि या नियमाने अष्टपैलू खेळाडू मागे पडतात. त्याने नावं घेतली ती शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांची, ज्यांना गोलंदाजीची संधी मिळत नव्हती.

इथे गाभ्यालाच हात लागतो. क्रिकेटमध्ये कर्णधाराला पडणारा जुना प्रश्न आहे: जादा फलंदाज घेऊ की जादा गोलंदाज? एक घेतला की दुसरा सोडावा लागतो. या कात्रीतूनच अष्टपैलू खेळाडूचं मोल तयार होतं. इम्पॅक्ट प्लेयरने ती कात्रीच काढून टाकली. पुढे बीसीसीआयने देशांतर्गत सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतून हा नियम काढला, आयपीएलमध्ये मात्र ठेवला. म्हणजे मुंबईचा तोच खेळाडू डिसेंबरमध्ये एका नियमाने आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या नियमाने टी-२० खेळतो.

याच्या उलट आयसीसीचं 'स्टॉप क्लॉक'. दोन षटकांमध्ये ६० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला तर आधी ताकीद, नंतर पाच धावांचा दंड. त्यावर सोशल मीडियावर युद्ध झाल्याचं कोणाला आठवतंय का? नाही, कारण बेसबॉलच्या घड्याळासारखाच तो फक्त मोकळा वेळ कापतो.

चाहत्यांची कसोटी काय?

या सगळ्या उदाहरणांतून नियमबदलाकडे पाहण्याचे तीन साधे प्रश्न हाती लागतात.

१. हा बदल खेळाचा मूळ प्रश्न बदलतो की तो टाळण्याच्या वाटा बंद करतो?

२. बदल आधी खालच्या स्तरावर आजमावला आहे का?

३. पहिली चढाई, पहिला चेंडू पडण्याआधी तो सगळ्यांना माहीत आहे का?

अल्टिमेट खो-खोचंच पाहा. २०२२ मध्ये बालेवाडीत सुरू झालेल्या या लीगने 'वझीर' आणला. पारंपरिक खो-खोत पाठलाग करणारा एकदा दिशा धरली की मागे वळू शकत नाही. वझीराला कोणत्याही दिशेने धावायची मुभा. पाहायला हे मजेदार आहे. पण दिशेचं बंधन हाच खो-खोचा प्राण आहे असं मानणाऱ्याला पहिल्या प्रश्नापाशी थांबावंसं वाटलं, तर त्याला जुनाट म्हणून झटकता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. दोघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. या खेळाचा प्राण कशात आहे यावर बोलण्याचा हक्क ज्या खेळाडूंना आहे, त्यांतले कितीतरी इथल्याच मैदानांवर घडलेत.

कबड्डीत उलटा प्रवासही झाला आहे. प्रो कबड्डीच्या साखळीत पूर्वी सामना बरोबरीत सुटायचा. २०२५ च्या बाराव्या मोसमात लीगने बरोबरी बंद केली. गुण समान झाले तर दोन्ही संघांच्या पाच-पाच चढाया, तरीही समान तर सुवर्ण चढाई. टीव्हीवर हे नवं म्हणून सादर झालं. मुंबईतल्या मंडळांच्या स्पर्धांच्या बातम्या वाचणाऱ्यांना मात्र 'पाच-पाच चढायांच्या डावात विजय' ही ओळ कित्येक वर्षांपासून ओळखीची आहे. मातीतला तोडगा मॅटवर गेला आणि कोणीही तक्रार केली नाही. तिन्ही प्रश्नांना तो उतरत होता.

मग आता पणाला काय लागलं आहे?

मुंबई आणि उपनगरांतली कबड्डी अजूनही मोठ्या प्रमाणावर मंडळांच्या आणि जिल्हा संघटनांच्या बळावर चालते. किशोर, कुमार गटातली मुलं-मुली तिथे घडतात. हांगझोऊच्या सुवर्णविजेत्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने अस्लमच्याच नेतृत्वाखाली प्रो कबड्डी जिंकली. ही मुलं आकाशातून पडली नाहीत.

पण या खेळात एक मोठी लीग आहे, एक राष्ट्रीय महासंघ आहे, एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे आणि नियमांबाबत सगळे नेहमीच एका पानावर नसतात. लीगचे प्रेक्षक सर्वाधिक, त्यामुळे लोकांच्या डोक्यात बसतात ते लीगचे नियम. देशासाठी पदक मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरतं. हांगझोऊत या दोन्हींमधली फट सगळ्या जगाला दिसली. त्याच दिवशी भारताच्या महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून देशाला त्या एशियाडचं शंभरावं पदक मिळवून दिलं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती पुरुषांच्या सामन्यातल्या गोंधळाची.

ऑलिम्पिकचं स्वप्न पाहणाऱ्या खेळाला हे परवडत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही असतील, कबड्डी नसेल. बाहेरच्या प्रेक्षकाला एखादा खेळ कळायला वेळ लागला तर चालतं. खेळणाऱ्यांनाच त्या दिवसाचा नियम माहीत नाही असं दिसलं तर तो प्रेक्षक परत येत नाही.

२०२६ च्या जपानमधल्या आइची-नागोया एशियाडच्या कार्यक्रमातही कबड्डी आहे. तिथे भारत-इराण पुन्हा समोरासमोर आले तर लॉबीची पट्टी तेवढीच असेल, घड्याळातले सेकंदही तेवढेच. संघटकांनी करण्यासारखं काम एकच आहे आणि त्याला पैसा लागत नाही: कोणती नियमावली लागू आहे ते स्पर्धेआधी जाहीर करायचं, दोन्ही संघांची सही घ्यायची आणि तीच शेवटपर्यंत पाळायची.

घड्याळ लावा, चढाया वाढवा, तळ मोठे करा. चाहता कुरकुरतो आणि मग रुळतो. गुणफलक २८-२८ असताना मात्र त्याला चढाई पाहायची असते, नियमपुस्तिका नाही.